घरी बनवलेली पाणबुडी स्कुबापेक्षा सुरक्षित नाही

पुण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: स्कुबाचा कोर्स कशाला, रक्तात नायट्रोजन कशाला साठवायचा? भोसरीत जाड पत्र्याची टाकी वेल्ड करून घ्या, काच आणि मोटर बसवा, खडकवासल्यात चाचणी घ्या आणि मालवणला न्या. दाब टाकी घेते, हवा आतच असते, अडलंच तर झाकण उघडून वर या, आणि खर्च एकदाच.

मी भोसरीत प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवतो आणि तारकर्लीला स्कुबा शिकलोय. हे वाचून कुणी खरंच टाकी करायला घेईल, या काळजीने लिहितोय.

‘दाब टाकी घेते.’ हे अर्धं खरं आहे. आतली हवा जमिनीवरच्याच दाबाची राहिली तर नायट्रोजनचा त्रास (दाबाखाली तो रक्तात विरघळतो आणि वर येताना त्याचे बुडबुडे होतात) होत नाही, हा फायदा मान्य. पण आमच्या टाक्यांमध्ये दाब आतून असतो. तो पत्र्याला गोल करतो, चेपलेली जागाही बाहेर ढकलतो. बाहेरचा दाब नेमकं उलटं करतो: गोलाई जिथे जराशी चुकली असेल तिथे पत्रा आत घुसतो, आणि एकदा घुसायला लागला की थांबत नाही. आमच्या शॉपमध्ये एकदा पाण्याने भरलेली टाकी रिकामी करताना हवा आत घेणारा वरचा व्हेंट उघडायचा राहिला. धाडकन आवाज आला. हातातला चहा तसाच धरून आम्ही वळून बघतो तर टाकी मधोमध आत बसलेली, चुरगळलेल्या बाटलीसारखी. तिथे दाबाचा फरक एका वातावरणाहूनही (म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाहूनही) कमी होता. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण वाढतं.

‘झाकण उघडून वर या.’ मला सगळ्यात धोकादायक वाटलं ते हेच. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १० मीटर खोलीला पावणेतीन टनांहून जास्त भार असतो. आत पाणी घेऊन दाब सारखा केल्याशिवाय ते बाहेरच्या बाजूला हलणारही नाही. म्हणजे अंधारात, गळ्यापर्यंत पाण्यात थांबायचं, दाबलेली हवा श्वासात घ्यायची आणि मग वर यायचं. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसं फाटू शकतात. स्कुबाच्या पहिल्याच धड्यात हे शिकवतात. जो कोर्स टाळायला टाकी बनवली, तोच कोर्स टाकीतून जिवंत बाहेर पडायला लागतो.

‘हवा आतच असते.’ हलकं काम करणारा माणूस ताशी वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. टाकीत १,००० लिटर हवा असेल तर तासाभरात त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर जातं, पुढे डोकं दुखतं, धाप लागते, विचार सुचेनासा होतो. तो शोषायला सोडा लाइम लागतो. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

खर्चाचं थोडक्यात: १,५०० लिटर पाणी बाजूला सारणारी पाणबुडी बुडायला दीड टनाची हवी. ती घाटातून उतरवायला ट्रेलर, पाण्यात सोडायला क्रेन. खडकवासला तर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण. आणि गोड्या पाण्यात वजन जुळवलेली पाणबुडी खाऱ्या पाण्यात बुडणारच नाही, आणखी ३५-४० किलो वजन घालावं लागेल.

स्वतः पाणबुडी बनवून वर्षानुवर्षं चालवणारे आहेत. कार्ल स्टॅन्ली यांनी किशोरवयात सुरुवात केली. होंडुरासच्या रोआतान बेटावर ते स्वतः बनवलेल्या ‘इडाबेल’मधून लोकांना खोल समुद्रात नेतात. हेच स्टॅन्ली २०१९ मध्ये बहामाजजवळ ओशनगेट कंपनीच्या ‘टायटन’ या पाणबुडीतून खाली गेले, सांगाडा तडकल्याचे आवाज त्यांनी ऐकले आणि कंपनीच्या प्रमुखाला लेखी कळवलं. १८ जून २०२३ ला ‘टायटन’ फुटली, पाच जण गेले.

कुणाला बनवायचीच असेल तर ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे या, मनापासून सांगतो. गोलाई किती चुकली ते आपण आठ ठिकाणी मोजू. मग आत कुणीही न बसता टाकी दोरीला बांधून, ठरवलेल्या खोलीच्याही खाली सोडू.