पानशेतचे पाणी आणि माझे खोडरबर

एलिमेंटरीच्या परीक्षेत मला क श्रेणी मिळाली होती, आणि ती मी काढलेला तांब्या परीक्षकांना तांब्या म्हणून ओळखता आला, एवढ्याचसाठी मिळाली असावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही बाबांच्या पंचाहत्तरीला घरच्या आठवणींचे सचित्र पुस्तक करून देण्याची लहर मला आली. मजकुराची चिंता नव्हती. सुट्टीत गच्चीवर अंथरुणे पडली की आत्या ज्या गोष्टी सांगे, त्या मला पाठ होत्या. घात केला तो चित्रांनी. ऐकलेल्या गोष्टीत मोघम असते ते सुखाने मोघम राहते. चित्रात मात्र परकराला रंग द्यावा लागतो आणि जिन्याच्या पायऱ्या मोजाव्या लागतात.

पहिले प्रकरण अर्थातच पानशेतचे होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही आणि मुठा पुण्याच्या पेठांत शिरली, एवढ्यावर आमच्या घरात एकमत आहे. त्यापुढे ज्याचा त्याचा पूर निराळा. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते, आत्या तेरांची आणि काका चारांचे. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी सहाव्या पायरीपर्यंत चढले, असे बाबा म्हणतात. आत्या नववीच्या खाली यायला तयार नाही. काकांच्या मते तर जिनाच दिसत नव्हता.

"तू आईच्या कडेवर होतास," आत्या म्हणाली, "तुला तिच्या अंबाड्याशिवाय काय दिसणार?"

नदीचे पाणी केव्हाच ओसरले, आमच्या घरातले अजून चढतेच आहे. माझे खोडरबर मात्र दोन दिवसांत निम्मे झाले. शिलाई मशीन आपण एकटीने माळ्यावर चढवले, असे आत्या शपथेवर सांगते, आणि ते मशीन पुरानंतर घेतले, असे बाबा तितक्याच शांतपणे सांगतात. मी ते दाराआड अर्धेच काढले. दोघेही नाराज झाले, म्हणजे न्याय बरोबर झाला असावा. पाण्याच्या रंगासाठी तीन तपकिरी मिसळून पाहिल्या, तर आत्याने स्वयंपाकघरातून उकळून उकळून काळपट झालेला चहा आणून वाटीसकट पुढ्यात ठेवला.

वाद झाला नाही तो फक्त आजोबांच्या कुलपावरून. पाणी उंबऱ्याला लागले असताना त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, दाराला कुलूप घातले, ते दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली जानव्याला बांधली. पूर ओसरल्यावर परतले, तेव्हा खोलीची बाजूची भिंत पडलेली होती, चौकट आणि कुलूप जागच्या जागी. पडक्या भिंतीतून गाय आत जाऊन आली असती, पण आजोबांनी गाळाने भरलेले भोक काडीने कोरून कुलूप उघडले, चपला काढल्या आणि रीतसर दारातून आत गेले.

हे चित्र मी चार रात्री जागून काढले. तिघे बराच वेळ त्यावर वाकून होते. काकांनी चष्मा पुसला. आत्याने आजोबांच्या पाठीवरून बोट फिरवले, मग ते हळूहळू मागच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपाशी नेले.

"हुबेहूब अण्णा," ती म्हणाली. "फक्त पाणी तेवढं तीन पायऱ्या वर घे."