आठ टूथपेस्टी

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कूपन महिनाभर लोहचुंबकाखाली लटकत होतं. 2,000 रुपयांच्या खरेदीवर 200 रुपये सूट, मुदत 15 ऑगस्ट 2025. आम्हाला जाग आली ती अर्थातच 15 ऑगस्टला. ज्या घरात लाइटबिल शेवटच्या तारखेला भरतात, त्या घरात दुसरं काय होणार?

रिक्षा करून गेलो. सौ.च्या यादीप्रमाणे सामान घेतलं, बिल झालं 1,870. म्हटलं, 130 रुपयांचं काहीतरी उचललं की काम फत्ते. पण काउंटरवरच्या मुलीनं कूपन उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : 'तेल, साखर व डाळी वगळून'. आता किराणा मालाच्या यादीतून तेल, साखर आणि डाळी वगळल्या तर उरतं काय? हिंग-मोहरी आणि भांडी घासायचा साबण.

"सर, तुमचे 1,056च धरले जातायत."

म्हणजे 944 कमी. मागची रांग खाकरायला लागली. समोरच्या फळीवर टूथपेस्ट होती, 118 रुपयांची. टूथपेस्ट नासत नाही, तिला टोके लागत नाहीत, आणि आईची कवळी सोडली तर घरात दात सगळ्यांनाच आहेत. शिवाय 118 आठे बरोबर 944! आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बाकी न उरता सुटलं होतं. त्या आनंदात 1,870 चं बिल सूट मिळून 2,614 झालं, हे रिक्षात बसेपर्यंत लक्षातच आलं नाही. सामान मावेना म्हणून 10 रुपयांची कापडी पिशवीही घेतली.

घरी आलो तर टीव्हीवर लाल किल्ल्यावरचं भाषण पुन्हा दाखवत होते. दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार म्हणे.

"अहो, पेस्टवरचापण कमी होईल का?" टूथपेस्टी मोजता मोजता सौ.नं विचारलं.

"छे गं! गाड्या-बिड्यांवरचा होईल."

22 सप्टेंबरला टूथपेस्टवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कोपऱ्यावरच्या वाण्यानं मुद्दाम हाक मारून सांगितलं, "काका, पेस्ट 105 झाली, देऊ का?" कूपन नाही, मुदत नाही, रांग नाही. आमच्या आठांपैकी एकीचंही झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

सौ.नं कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी हिशेब मांडला. सूट 200. त्यातून जाता-येता रिक्षा 90, पिशवी 10, आणि आठ टूथपेस्टींवर तेरा-तेरा रुपये जास्त दिले ते 104. उणे 4.

आता तिनं ठरवलंय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्याच लुटायच्या.

"अगं, टूथपेस्ट कोण लुटतं वाण म्हणून?"

"असू द्या हो," ती म्हणाली, "खोक्यावर 118च छापलंय."