आधी दाखवलं, मग अर्ज केला

भारतातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एकच वाद पेटतो. भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)ने निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम पेटंटमधून वगळला, ३(एम)ने खेळ खेळण्याची पद्धत वगळली, मग आपल्याकडे एकट्याने गेम बनवणाऱ्याने करायचं काय? अमेरिकेत बघा, कुणीही उठून पेटंट काढतो! आणि बोट माझ्याकडे वळतं, कारण हातात धरून खेळायच्या एका छोट्या यंत्राचं पेटंट इथे अमेरिकेत माझ्या नावावर आहे.

त्यातून मिळालं किती, हे मात्र कुणी विचारत नाही. काहीच नाही. उलट ते जिवंत ठेवायला साडेतीन वर्षांनी फी भरली, पुढे साडेसात आणि साडेअकरा वर्षांची आहेच.

फीबद्दल तक्रार नाही. बेताच्या उत्पन्नाच्या एकट्या अर्जदाराला इथे ‘मायक्रो एंटिटी’ म्हणून बहुतेक फीत ८० टक्के सवलत मिळते. भारतातही व्यक्तीला अर्जाची फी मोठ्या कंपनीच्या एक पंचमांशच पडते. खरा खर्च सुरू होतो तो कुणी तुमची कल्पना उचलल्यावर. दावा तुम्हीच लावायचा, वकील तुम्हीच पोसायचा. शिवाय २०१२ पासून समोरची कंपनी पेटंट कार्यालयातच तुमच्या पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ शकते. गेलात फिर्यादी म्हणून, उभे राहिलात पिंजऱ्यात.

ग्रुपवर राल्फ बेअरचं नाव हमखास येतं. टीव्हीवर खेळ खेळायची कल्पना त्याने १९६६ मध्ये चार पानांत लिहिली, १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचा ओडिसी हा टीव्हीला जोडायचा गेम बाजारात आला, आणि पुढे मॅग्नावॉक्सने अटारी या गेम कंपनीसकट अनेकांकडून पैसे वसूल केले. पण बेअर एकटा कुठे होता? तो सँडर्स असोसिएट्समध्ये नोकरीला होता, पेटंटची मालकी कंपनीची होती आणि कोर्टात लढायला मॅग्नावॉक्स होती. एकटीचंच उदाहरण हवं तर लिझी मॅगीचं घ्या. तिला १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटावरच्या खेळाचं पेटंट मिळालं, मोनोपॉली त्यातूनच आली. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ विकणाऱ्या कंपनीने तिचे हक्क ५०० डॉलरला घेतले.

इथलं दारही सताड उघडं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर सॉफ्टवेअरचे कित्येक दावे ‘अमूर्त कल्पना’ म्हणून बाद झाले. ब्लॅकजॅकसारख्या पत्त्यांच्या नव्या डावाचा अर्ज फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने, २०१६ मध्ये नाकारला. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दिसत असेल तर नुसतं ‘प्रोग्रॅम’ म्हणून हात झटकता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली. माझ्या मते दोन्ही देश आता जवळपास एकाच वळणावर आहेत, त्यामुळे ३(के) वरचं रण मला जरा फुकटचं वाटतं.

मला वाचवलं ते वेगळ्याच तरतुदीने. अर्ज करण्याच्या सात महिने आधी मी यंत्राचा नमुना एका मेळाव्यात लोकांच्या हातात दिला होता. शोधकाने स्वतः जाहीर केल्यापासून १ वर्षाच्या आत इथे अर्ज करता येतो, म्हणून निभावलं. भारतात माझाच नमुना ‘हे आधीच जाहीर झालंय, नवं नाही’ असा माझ्याविरुद्ध पुरावा ठरला असता. तिथे कलम ३१ ची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती.

आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा, मग दाखवायचं, असं कुठलाही पेटंट एजंट सांगेल. बरोबरच आहे. पण माझ्या यंत्रात नेमकं नवीन काय आहे, हे दहा जणांनी खेळून पाहीपर्यंत मलाच कळलं नव्हतं. मला वाटत होतं, नावीन्य स्क्रीनमध्ये आहे. निघालं ते बटणाच्या दाबात. कंपनी अशी चाचणी बंद दाराआड, गोपनीयतेच्या करारावर सह्या घेऊन करते. एकट्याला दार कुठलं?

गेल्या आठवड्यात हे सगळं ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, “व्हिडिओ टाकला तरी ‘जाहीर’ धरतात का रे?” त्याने स्वतः बनवलेल्या कंट्रोलरचा व्हिडिओ मागच्याच महिन्यात टाकलाय. अर्ज अजून केलेला नाही.