शर्झर विरुद्ध ग्रिंकी: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बेसबॉलमध्ये प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या, सामन्याआधी दोन्ही संघांचे स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर (चेंडू टाकणारे), कसे जोखावेत यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'हे निव्वळ ज्योतिष आहे. 2019 च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना घ्या. ग्रिंकीने सुरेख पिचिंग केलं, त्याचा संघ हरला. शर्झर चाचपडत होता, त्याचा संघ जिंकला. मग या तुलनेतून हाती काय लागतं?'

उदाहरण तुम्ही नेमकं माझ्या जिव्हाळ्याचं काढलंत: वर्ल्ड सीरिज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, आणि सातवा सामना तिचा निर्णायक. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. आपल्याकडे 31 ऑक्टोबरची पहाट होती, घरातले झोपलेले, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून ह्यूस्टनमधला तो सामना बघत बसलो होतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या बाजूचं. दोघांचा त्या मोसमाचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, बघितला तर वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरचा 2.92 आणि ह्यूस्टनच्या झॅक ग्रिंकीचा 2.93. एवढंच मांडून कुणी 'लढत बरोबरीची' म्हणून मोकळा होत असेल, तर त्याला ज्योतिष म्हणायला माझी हरकत नाही.

पण स्टार्टर जोखताना मी 'कोण जिंकेल' हे विचारतच नाही. मी विचारतो, सामन्यातल्या सत्तावीस आउटपैकी (नऊ इनिंग, दर इनिंगला तीन) हा माणूस किती काढेल आणि त्याच्यानंतर चेंडू कुणाच्या हातात जाईल? क्रिकेटची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही. क्रिकेटमध्ये बुमराहचे पहिले दोन ओव्हर झाले की कर्णधार त्याला बाजूला ठेवतो आणि शेवटी परत आणतो. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा पिचिंगला येऊ शकत नाही. त्यामुळे त्याला कधी काढायचं हा निर्णय एकदाच घेता येतो.

आता त्या सामन्याआधी काय ठाऊक होतं ते बघा. पाचवा सामना शर्झर खेळणार होता. आपल्याकडे पाडव्याची सकाळ उजाडेपर्यंत बातमी आली होती की त्याची मान अशी आखडली आहे की त्याला पलंगावरून धड उठता येईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली. कॉर्टिझोनचं इंजेक्शन घेऊन तीन दिवसांनी तो सातव्या सामन्यात उतरला. अशा माणसाकडून पाच इनिंग मिळाल्या तरी पुष्कळ, असं धरायला ज्योतिषी लागत नाही. मिळाल्या पाचच. पंधरा आउटसाठी त्याला 103 चेंडू टाकावे लागले. अख्ख्या मोसमात त्याचे 243 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि फक्त 33 वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर गेलेले बॅटर) होते. त्या रात्री स्ट्राइकआउट 3 आणि वॉक 4. सात हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) आणि चार वॉक मिळून अकरा जण बेसवर पोचले आणि धावा झाल्या दोनच. हा दोनचा आकडा आधी सांगणं मला शक्य नव्हतं. इथे नशीब होतं आणि शर्झरची जिद्दही होती. तुमचा मुद्दा एवढ्यापुरता मला पूर्ण मान्य आहे.

ग्रिंकीची गोष्ट वेगळी. त्याचा फास्टबॉल तेव्हा ताशी 90 मैलांच्या आसपास होता, आताच्या मानाने संथ. तो बॅटरला वेगाने हरवत नसे, अंदाज चुकवून हरवायचा. असा पिचर बॅटर पहिल्या दोनदा समोर येतात तोवर भारी पडतो. तिसऱ्यांदा तेच बॅटर समोर आले की त्यांना त्याची चाल कळू लागते. हे सगळ्याच स्टार्टरच्या बाबतीत कमीजास्त खरं आहे. पहिल्या सहा इनिंगमध्ये त्याने एक हिट, एक वॉक दिला, धाव शून्य. सातव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनचा बॅटर रेंडॉन तिसऱ्यांदा आला आणि त्याने होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला. मग त्याच्यामागच्या सोटोला वॉक. ऐंशी चेंडू, एकोणीस आउट, संघ 2-1 ने पुढे, आणि ह्यूस्टनचा मॅनेजर हिंच चेंडू मागायला, म्हणजे ग्रिंकीला काढायला, बाहेर आला.

तुम्ही लिहिता, 'तिथे काढणं हाच मूर्खपणा.' मला तसं वाटत नाही. काढणं पटण्यासारखं होतं, प्रश्न कुणाला आणलं हा होता. आणलं विल हॅरिसला. त्याचा मोसमाचा ईआरए 1.50 होता, पण आदल्याच रात्री, सहाव्या सामन्यात, याच रेंडॉनने त्याला होमरन मारला होता. ह्यूस्टनचा दुसरा स्टार्टर गेरिट कोल बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागी, होता, दोनच दिवसांच्या विश्रांतीवर, आणि तो शेवटपर्यंत आलाच नाही. उलट शर्झरच्या मागे वॉशिंग्टनने पॅट्रिक कॉर्बिनला उभं केलं. तो एरवी स्टार्टर, चौथ्या सामन्यानंतर तीन दिवस विश्रांती मिळालेला. त्याने तीन इनिंग धाव न देता काढल्या आणि शेवटची इनिंग हडसनने संपवली. म्हणजे स्टार्टरच्या तुलनेत ग्रिंकी सरस ठरला, पण स्टार्टरच्या मागच्या माणसांत वॉशिंग्टन सरस ठरलं. मॅचअप, म्हणजे दोन्ही बाजूंची तुलना, म्हणताना हे दोन्ही मोजावं लागतं.

जुन्या काळी याची गरज कमी पडायची. 1991 च्या सातव्या सामन्यात मिनेसोटाच्या जॅक मॉरिसने एकट्याने दहा इनिंग टाकल्या, सामना 1-0. तिथे स्टार्टर हाच जवळजवळ सगळा हिशेब. आज तसं धरून चालत नाही, आणि माझ्या लेखात याच ठिकाणी उणीव राहिली. मागून येणाऱ्या पिचरवर मी जेमतेम दोन ओळी खर्चल्या. आदल्या दिवशी कोण खेळलं, कुणाला किती विश्रांती मिळाली, हे स्टार्टरच्या आकड्यांच्या शेजारीच मांडायला हवं होतं. तो भाग मी या आठवड्यात नव्याने लिहितो आहे.

एक राहिलं. हॅरिसने वॉशिंग्टनच्या केंड्रिकला टाकलेला तो कटर, म्हणजे शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू, खराब नव्हता. बाहेरच्या कोपऱ्यात, खाली, जिथे टाकायचा तिथेच पडला होता. केंड्रिकने तो उजवीकडे ढकलला आणि चेंडू थेट फाउल पोलवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या खांबावर, आदळला; तो होमरन, वॉशिंग्टन 3-2 ने पुढे. मी आवाज बंद ठेवला होता, त्यामुळे खांबाचा तो खणखणाट मला घरातले उठल्यावर, हायलाइट्स लावल्या तेव्हा ऐकू आला.