एचआरला धंदा कळावाच लागतो, तोही पहिल्याच वर्षी

सध्या एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरून भरपूर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: एचआरमध्ये (मनुष्यबळ विभागात) नवीन असाल तर आकड्यांच्या मागे लागू नका. धंदा मालक बघतील, तुम्ही माणसं सांभाळा. आकडे समजायला फायनान्स शिकावं लागतं. धंद्याची समज मॅनेजर झाल्यावर आपोआप येते. छोट्या कारखान्यात मालक तसेही काही दाखवत नाहीत. आणि ज्या एचआरला धंदा कळतो, तो कामगारांचा राहत नाही.

जळगाव, धुळे, भुसावळच्या एमआयडीसीत पहिली नोकरी धरलेल्या मुलामुलींना हा सल्ला सोयीचा वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि सुरुवातीची वर्षं वाया घालवणारा आहे.

“धंदा मालक बघतील, तुम्ही माणसं सांभाळा”

कोणाला आणि कधी सांभाळायचं हे धंदाच ठरवतो. पाइपचा कारखाना घ्या. टाइम ऑफिसच्या अहवालात हजेरी 92 टक्के दिसली की एचआर निश्चिंत होतो. पण उरलेल्या 8 टक्क्यांत कोण आहे? पॅकिंगचे दहातले तिघे आले नाहीत तर पाइपांची थप्पी वाढते आणि पुढच्या पाळीत निघते. एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर आला नाही आणि बदली माणूस नसेल, तर लाइन बंद होते. पीव्हीसीला उष्णता फार वेळ सोसत नाही. यंत्राच्या गरम बॅरलमध्ये (नळीत) अडकलेला माल आधी पिवळा पडतो, मग जळतो, आणि त्यातून सुटणारा आम्लयुक्त वायू स्क्रू-बॅरल खातो. त्यामुळे बंद करण्याआधी बॅरल मोकळं करावं लागतं. पुन्हा चालू करताना तापायला वेळ जातो आणि सुरुवातीचा पाइप मापात येत नाही. तो दळून परत वापरता येतो, पण वीज, वेळ आणि मजुरी गेलेलीच असते.

आता हिशेब. समजा लाइन ताशी 200 किलो काढते आणि 4 तास बंद राहिली, म्हणजे 800 किलो माल निघाला नाही. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. 800 किलोला विक्रीच्या भावाने गुणतो आणि मालकासमोर मोठ्ठं नुकसान मांडतो. मालक लगेच ओळखतो की याला काही कळत नाही, कारण रेझिन (पाइपचा कच्चा माल) वापरलंच गेलं नाही, ते गोदामात पडून आहे. विक्रीच्या भावातून रेझिन, वीज, पॅकिंग आणि मालवाहतुकीचं भाडं वजा करा. पगार वजा करू नका, तो लाइन बंद असली तरी द्यावाच लागतो. किलोमागे 8 रुपये उरत असतील तर नुकसान 6,400 रुपये, वर भंगार आणि तापवण्याची वीज.

हेही पूर्ण सत्य नाही. पावसाळ्यापूर्वी, फेब्रुवारी ते मे, मागणी ओसंडत असते, तेव्हा गेलेले 4 तास परत मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये लाइन तशीही अर्धा वेळ उभी असते, तिथे तोच माल दुसऱ्या दिवशी काढता येतो आणि नुकसान जवळपास भंगारापुरतं उरतं. हे उमगलं की प्रस्ताव आपोआप सुचतो: प्रत्येक पाळीत एका हेल्परला लाइन चालू-बंद करायला शिकवा आणि महिना 700 रुपये कौशल्य भत्ता द्या. तीन पाळ्यांचे 2,100 रुपये. हंगामात महिन्याला एक खंड टळला तरी पैसे वसूल. शिकवणी मात्र पावसाळ्यात घ्यायची, हंगामात नव्हे.

“आकडे समजायला फायनान्स लागतं”

बेरीज-भागाकार लागतो. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,000 रुपये घेणारा कामगार कंपनीला किती पडतो? पीएफचा मालकाचा वाटा 12 टक्के, वर विमा आणि प्रशासन खर्च मिळून 1 टक्का: 1,950. ईएसआय (कामगार राज्य विमा) 3.25 टक्के: 488. किमान बोनस 8.33 टक्के, पूर्ण पगारावर धरला तर 1,250. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के: 721. एकूण 19,409 रुपये. रजा आणि सण वजा जाता महिन्याला 24 दिवस, दिवसाला साडेसात तास प्रत्यक्ष काम धरलं तर 180 तास. म्हणजे कामाचा तास 108 रुपयांना पडतो.

ओव्हरटाइमचा तास? 15,000 भागिले 26, भागिले 8, म्हणजे 72 रुपये. दुप्पट 144. ईएसआय धरून 149. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही.

19,409 भागिले 149, म्हणजे साधारण 130. एखाद्या विभागाचा ओव्हरटाइम दरमहा 130 तासांच्या वर सातत्याने जात असेल, तर एक माणूस वाढवणं स्वस्त. त्याच्या खाली ओव्हरटाइम परवडतो. नव्या माणसाचे शिकण्याचे आठवडे यात धरलेले नाहीत, आणि हंगाम संपल्यावरही तो पगारावर असतो, हे मालकाला आधीच सांगा. तेच तेच दोघे-तिघे ओव्हरटाइम करत असतील तर थकव्याने अपघात होतात, शिवाय कायद्याची मर्यादाही ओलांडली जाते. तिथे 130 चा आकडा गैरलागू आहे.

“समज आपोआप येते”

येत नाही. मस्टर भरून मस्टरच कळतं. एक काम मुद्दाम करा. मोठ्या कागदावर बारा महिने आखा. वरच्या ओळीत गेल्या वर्षीचा महिनावार माल रवाना झाल्याचा आकडा, खालच्या ओळीत महिनावार गैरहजेरी. कारणं तुम्हाला ठाऊक आहेतच. होळीआधी भोंगऱ्याला (आदिवासींच्या सणाच्या बाजाराला) चोपडा, यावल, शिरपूरकडचे पावरा कामगार गावी जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाया माहेरी जातात. मग लग्नसराई, जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी. पाइपच्या कारखान्यात भोंगऱ्या, आखाजी आणि लग्नं तिन्ही ऐन हंगामात येतात. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) वेचणी आणि कारखान्याचा हंगाम एकाच वेळी सुरू होतो, म्हणजे शेत आणि जिन एकाच मजुराला ओढतात. दालमिलचा कागद वेगळा दिसेल. रजेचं नियोजन आणि ठेकेदाराशी बोलणी या कागदावरून करायची असतात, दोन महिने आधी.

“मालक आकडे दाखवत नाहीत”

ताळेबंद दाखवणार नाहीत, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण गेटवरचं आवक-जावक रजिस्टर, रोजचा उत्पादन अहवाल, स्क्रॅपची नोंद आणि वीजबिल कुणी कुलपात ठेवत नाही. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात दिवसाच्या वेळेनुसार दर वेगळा असतो. पाळीच्या वेळा बदलायच्या सूचनेआधी ते बिल वाचा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिची दाखल केलेली कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून बघता येतात. भागीदारी पेढीची मिळत नाहीत. सरावासाठी जळगावच्याच जैन इरिगेशनचा वार्षिक अहवाल घ्या, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तो सर्वांना खुला आहे. चार ओळी शोधा: विक्री, कच्चा माल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, येणं (ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे). विक्रीच्या 100 रुपयांत पगार किती आणि कच्चा माल किती, हे काढलं की रेझिनचा भाव हलल्यावर मालक पगारवाढीचं पत्र का अडवतात ते कळतं. ठिबकच्या धंद्यात अनुदानाचा पैसा उशिरा येतो. तिथे नफा कागदावर असतो आणि पगाराच्या तारखेला बँकेत रोकड नसते. इन्सेंटिव्ह विक्रीवर द्यायचा की वसुलीवर, हे अशा वेळी एचआरनेच सुचवायला हवं.

“धंदा कळलेला एचआर कामगारांचा राहत नाही”

हा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो चांगल्या मनाच्या मुलांना अडवतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचं तापमान 45 अंशांच्या आसपास जातं, आणि पाइपच्या शेडमध्ये एक्स्ट्रूडरची धग वेगळी. “कामगारांना त्रास होतो” एवढंच सांगणाऱ्याला “बघू” असं उत्तर मिळतं आणि जून उजाडतो. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या नोंदी काढा: दुपारच्या पाळीत चक्कर येऊन किती जण घरी गेले, त्यामुळे लाइन किती तास थांबली, स्क्रॅप किती वाढलं. वरच्या पद्धतीने त्याचे रुपये करा. त्याशेजारी कूलर, थंड पाणी, ओआरएस आणि पाळीत दोन जादा विश्रांतींचा खर्च लिहा. आकडा लहान निघाला तरी मागणी सोडू नका, माणसाच्या जिवाचा मुद्दा हिशेबाआधी येतो. पण बहुतेक वेळा तो लहान निघत नाही. हा कागद मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालकाच्या टेबलावर हवा, कारण कूलरची ऑर्डर एप्रिलमध्ये दिली तर माल मेमध्ये येतो.