फ्रेड मर्कल पांढऱ्या पायाचा नव्हता

अमेरिकेतल्या बेसबॉलचा विषय निघाला की एक दावा ठरलेला असतो. जो खेळाडू वारंवार वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत पोचतो आणि दरवेळी रिकाम्या हाताने परततो, तो ऐन मोक्याला कच खाणारा, नाहीतर संघाला लागलेली पनवती. पुरावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेड मर्कल या खेळाडूचं नाव पुढे केलं जातं. पाच वेळा वर्ल्ड सिरीज खेळला, पाचही वेळा हरला, वर १९०८ ची ती घोडचूक! हा दावा मला साफ अमान्य आहे. मर्कलवर तर त्यात सरळ अन्याय होतो.

आधी ती घोडचूकच घेऊ. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. मर्कलचा संघ न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स, नववी म्हणजे शेवटची इनिंग, १-१ बरोबरी, दोन आउट. मर्कल एकोणीस वर्षांचा. नेहमीचा फर्स्ट बेसमन कंबर धरून बसला, म्हणून त्या दिवशी याला उतरवलेलं. याच्याच हिटवर मूस मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर (धावताना क्रमाने गाठायचा टप्पा) पोचला होता आणि हा स्वतः पहिल्या बेसवर होता. पुढे अल ब्रिडवेलने सेंटरला फटका मारला, मॅककॉर्मिक होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्यावर आला आणि लोक मैदानात घुसले. सामना संपला असं समजून मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसकडे वळला. कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि अपील केलं. अंपायर हँक ओडे यांनी मर्कलला आउट दिलं. हा तिसरा आउट ठरल्याने धाव रद्द, सामना बरोबरीत.

नियमाला धरून निर्णय बरोबरच होता. पण विजयी धाव झाली की बाकीच्यांनी बेस गाठायच्या भानगडीत न पडता पळ काढायचा, ही तेव्हाची सर्रास रीत होती. ४ सप्टेंबरला, म्हणजे तीन आठवडेही झाले नव्हते, पिट्सबर्गला एव्हर्सने हेच अपील केलं होतं आणि याच ओडे यांनी धाव कायम ठेवली होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत जे चालत होतं, त्यासाठी एका पोराला जन्मभर ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, म्हणायचं?

त्याने अख्खा सीझन घालवला, हेही खरं नाही. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलस्की या नवख्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पाच दिवसांत जायंट्सला तीनदा हरवलं. त्यातला एक सामना जरी काढला असता, तरी लीगचं विजेतेपद ठरवणारा ८ ऑक्टोबरचा फेरसामना खेळायची वेळच आली नसती. तो सामना कब्सने ४-२ असा जिंकला.

दबावात हात थरथरतात म्हणणाऱ्यांना मी १६ ऑक्टोबर १९१२ चा दिवस दाखवेन. बोस्टनचं फेनवे पार्क. मधला एक सामना बरोबरीत सुटल्यामुळे वर्ल्ड सिरीज आठव्या सामन्यापर्यंत लांबलेली. दहावी इनिंग, पुन्हा १-१. रेड मरेने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला आणि त्याला घरी आणणारा हिट मारला तो मर्कलने. जायंट्स २-१ ने पुढे, विजेतेपद तीन आउटवर. मग क्लाइड एंगलचा सोपा झेल फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून सुटला. थोड्या वेळाने ट्रिस स्पीकरचा उंच फाउल (रेषेबाहेर गेलेला, पण झेल घेता येणारा फटका) मर्कल, कॅचर चीफ मायर्स आणि पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन यांच्या मध्ये टपकन पडला. त्यात मर्कलचाही वाटा होता, ते मी लपवणार नाही. जीवदान मिळालेल्या स्पीकरने बरोबरी साधून दिली आणि लॅरी गार्डनरच्या फटक्यावर बोस्टन जिंकलं. स्नॉडग्रासचा तो झेल बसला असता, तर आज मर्कलचं नाव वेगळ्या सुरात घेतलं गेलं असतं. त्याने मारलेला हिट मात्र तोच राहिला असता.

आणि हरला तो कोणाकडून? १९११ आणि १९१३ मध्ये मॅनेजर कॉनी मॅक यांच्या फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडून. १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या आणि १९१८ मध्ये कब्सच्या संघात असताना तो बोस्टन रेड सॉक्सकडून हरला, ज्यांच्याकडे तेव्हा बेब रुथसारखा दिग्गज पिचिंग करत होता. १९११ मध्ये मर्कलची बॅट चालली नाही, कबूल. पण पांढऱ्या पायाच्या माणसाला घेऊन तीन वेगवेगळे संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचतात कसे?

मर्कल बाजूला ठेवला तरी हा दावा टिकत नाही. बोस्टनचा कार्ल यास्त्रेम्स्की १९६७ आणि १९७५ अशा दोन वर्ल्ड सिरीज खेळला, दोन्ही सातव्या सामन्यात गमावल्या. १९७५ चा शेवटचा आउट त्याचाच, म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. बेसबॉलमध्ये फलंदाजाची .३०० म्हणजे उत्तम सरासरी. यास्त्रेम्स्कीची १९६७ च्या सिरीजमध्ये .४०० होती, वर तीन होम रन. पण समोर सेंट लुईसचा बॉब गिब्सन होता. त्याने तीन सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले आणि तिन्ही जिंकले. डेट्रॉइटचा टाय कॉब १९०७, १९०८, १९०९ असा सलग तीनदा हरला. १९०८ मध्ये त्याची सरासरी .३६८ होती आणि संघ पाचपैकी एकच सामना जिंकला. पुढे तो १९२८ पर्यंत खेळला, पण वर्ल्ड सिरीज त्याच्या वाट्याला पुन्हा आलीच नाही. एकटा माणूस संघाला तिथवर ओढून नेऊ शकत नाही, मग हरल्याचं खापर त्या एकट्याच्या माथी कसं फोडता?

मर्कलवर भडकायचा हक्क सर्वांत आधी कोणाला होता, तर जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांना. त्यांनी त्याला काढलं नाही. १९१० पासून फर्स्ट बेस त्याच्याच हवाली केला आणि १९११ ते १९१३ सलग तीन वर्षं जायंट्सने लीग जिंकली. लोकांनी मात्र ‘बोनहेड’ सोडलं नाही. निवृत्तीनंतर मर्कल कित्येक वर्षं बेसबॉलपासून लांबच राहिला. १९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमासाठी तो पोलो ग्राउंड्सवर परत आला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याचं स्वागत केलं.