‘हृदय जाळतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. तिसऱ्यांदा तो आत्यानं पाठवला, खाली ‘भाऊला दाखव’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा : ठोके बिघडले की डॉक्टर अ‍ॅब्लेशन सांगतात. त्यात हृदय आतून जाळतात. गोळ्यांनी होणाऱ्या कामाचे लाखो रुपये घेतात. आजार पुन्हा येतोच. त्यापेक्षा प्राणायाम करा आणि धडधडलं की श्वास रोखून धरा.

भाऊ म्हणजे माझे बाबा. त्यांचं अ‍ॅब्लेशन होऊन दीड वर्ष झालं. आत्याचा जीव भावासाठी तुटतो हे मला माहीत आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते.

‘ठोके बिघडले की…’

मेसेजची चूक या पहिल्याच शब्दांत आहे. ठोके एका प्रकारे बिघडत नाहीत. तरुण, धडधाकट माणसाला अचानक धडधड सुरू होते आणि अचानक थांबते, ती बहुतेकदा ठोका चालवणाऱ्या विजेला हृदयात असलेल्या एका जादा वाटेमुळे. साठीनंतर काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, ते एट्रियल फिब्रिलेशन. आणि जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणातून खालच्या कप्प्यात उठते ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘व्हीटी’. ती जीव घेऊ शकते. बाबांना ही तिसरी होती. तिघांनाही अ‍ॅब्लेशन हाच शब्द लागतो, पण त्यातून मिळणारं फळ तिन्ही ठिकाणी वेगळं असतं. पुढचा प्रत्येक मुद्दा इथेच अडतो.

‘हृदय आतून जाळतात’

जाळतात, हे खरं. काय जाळतात ते मेसेज सांगत नाही.

अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूचा व्रण होतो. त्या व्रणात काही बारीक धागे जिवंत राहतात. वीज त्यांच्यातून रखडत जाते. ती पलीकडे निघेपर्यंत बाजूचा स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो, म्हणून ती वळसा घालून परत त्याच वाटेनं शिरते. हे चक्र फिरत राहिलं की ठोके दीडशे-दोनशेवर जातात. जांघेतल्या शिरेतून किंवा धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, आतला नकाशा संगणकावर उभा करतात आणि नळीच्या टोकानं ते धागे तापवून मारतात. पन्नास अंशांच्या वर पेशी तगत नाही. टोक फार तापू नये म्हणून त्यातून सलाईन वाहत ठेवतात. एक डाग काही मिलिमीटरांचा. चांगला, काम करणारा स्नायू शक्यतो सोडून देतात.

फिब्रिलेशनमध्ये जागा वेगळी. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी 45 रुग्ण तपासले, तेव्हा थरथर सुरू करणाऱ्या 69 जागांपैकी 65 फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या आत सापडल्या. म्हणून त्या शिरांच्या तोंडाभोवती कडं करतात. आता तर तिथे उष्णतेऐवजी विजेचे अतिशय कमी वेळाचे धक्के देऊन पेशींचं आवरण फोडण्याची पद्धतही आली आहे, म्हणजे तिथे ‘जाळणं’ हा शब्दही लागू होत नाही.

धोका आहेच. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात, जांघेत रक्तस्राव. बाबांच्या संमतीपत्रावर हे सगळं होतं. मी प्रत्येक ओळ वाचून डॉक्टरांना विचारली आणि सही करताना माझा हात थरथरत होता.

‘गोळ्यांनीच होतं’

हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण गोळ्या आम्ही अडीच वर्षं करून बघितल्या. बाबांना अ‍ॅमिओडॅरोन होतं. औषध जोरकस आहे, पण 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची दिवसाची गरज 150 मायक्रोग्रॅम. बाबांचं थायरॉइड बिघडलं, वजन उतरलं, हात कापायला लागले. बाबांच्या छातीत एक मशीन बसवलेलं आहे, व्हीटी आली की ती मोडणारं, गरज पडली तर शॉक देऊन. डोस कमी केला, तसे त्याचे शॉक सुरू झाले. एका सकाळी ते ओट्याशी चहा गाळत होते. पातेलं हातातून सुटलं, चहा ओट्यावरून खाली ओघळला आणि बाबा कपाट धरून उभे. शुद्धीवर होते. ‘कोणीतरी छातीत लाथ मारली’, म्हणाले. त्या रात्री आणखी तीन शॉक बसले. पुढे महिनाभर ते दिवा लावूनच झोपायचे.

गोळी म्हणजे निरुपद्रवी, हा समज जुना आहे आणि महागात पडलेला आहे. 1991 साली अमेरिकेतल्या ‘कास्ट’ अभ्यासाचे आकडे आले. अटॅकनंतर जादा ठोके दाबण्यासाठी दोन औषधं दिली होती. ठोके दबले. पण औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 गेले, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26.

बाबांसारख्याच रुग्णांवर 2016 साली ‘व्हॅनिश’ अभ्यास झाला. 259 जण, मशीन बसवलेलं, गोळ्या चालू असूनही व्हीटी येणारी. निम्म्यांची औषधं वाढवली, निम्म्यांचं अ‍ॅब्लेशन केलं. मृत्यू, व्हीटीचं वादळ (थोड्या वेळात ती पुन्हा पुन्हा येणं) किंवा शॉक यांपैकी काहीतरी औषधवाल्यांत 68.5 टक्क्यांना झालं, अ‍ॅब्लेशनवाल्यांत 59.1 टक्क्यांना. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठळक फरक नव्हता. मी हे लपवत नाही. पण रोज शॉकच्या भीतीत जगणाऱ्या घराला विचारा, शॉक कमी होणं म्हणजे काय ते.

‘पुन्हा येतोच’

जादा वाटेच्या धडधडीत बहुतेकांना पुन्हा येत नाही. शंभरात नव्वदहून अधिक जण एकाच वेळेत मोकळे होतात. फिब्रिलेशनमध्ये बऱ्याच जणांना परत येतं, कधी दुसऱ्यांदा करावं लागतं. तरीही नुसतं मनाचं समाधान म्हणावं तर 2024 साली ब्रिटनमध्ये 126 रुग्णांवर तेही तपासलं गेलं. निम्म्यांना भूल देऊन खोटंच अ‍ॅब्लेशन केलं. सहा महिन्यांनी थरथरीचा एकूण काळ खोट्यात 35 टक्क्यांनी घटला, खऱ्यात 60 टक्क्यांनी. व्हीटीत व्रण जागेवरच असतो, नव्या वाटा निघू शकतात. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं.

‘श्वास रोखा’

यात तथ्य आहे, पण एकाच प्रकारापुरतं. जादा वाटेची धडधड जोर लावून श्वास रोखल्यानं थांबू शकते. 2015 च्या एका ब्रिटिश अभ्यासात जोर लावल्यावर लगेच आडवं करून पाय वर धरले, तर 43 टक्के रुग्णांची धडधड थांबली; नेहमीच्या पद्धतीनं 17 टक्क्यांची. व्हीटीत असं करत बसणं म्हणजे दवाखान्यात पोचायची मिनिटं घालवणं. आत्या, प्राणायाम बाबा अजून करतात. मन शांत राहतं त्यानं. व्रणातली वाट बंद होत नाही.

‘लाखो रुपये’

हो, खर्च लाखांत गेला. नकाशा काढायच्या नळ्याच महाग असतात. आम्ही तीन ठिकाणी विचारलं आणि अंदाजपत्रकात नळ्यांची किंमत वेगळी लिहून मागितली. एका ठिकाणी ती द्यायला नकार मिळाला, तिथून आम्ही उठलो. दुसरं मत घ्या, किंमत विचारा, कोणता प्रकार आहे तो कागदावर मागा. पण खर्च जास्त म्हणून उपचारच खोटा, हे जुळत नाही.

गेल्या महिन्यात मशीन तपासलं. अठरा महिन्यांत दोनदा व्हीटी आली होती. दोन्ही वेळा मशीननं बारीक, जलद ठोके देऊनच ती मोडली, शॉक द्यावा लागला नाही. तारीख-वेळ बघितली तर एकदा बाबा आत्याकडेच जेवायला गेले होते. दोघांनाही कळलं नव्हतं.